झोपाळ्यावरून मोजलेला टीव्ही

आमचा टीव्ही गेला तो खाऱ्या हवेने. हरिहरेश्वराला येणाऱ्या पाहुण्यांना समुद्रावरचा वारा फार आवडतो. तो वारा टीव्हीच्या पोटात शिरून काय करतो, ते आम्हाला ठाऊक. आधी चित्राला हिरवी कावीळ झाली, मग मधोमध उभी रेघ आली, आणि एका संध्याकाळी आईच्या मालिकेतली सून सगळ्यांसमोर काहीतरी कबूल करणार, तेवढ्यात पडदा काळा झाला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जणू त्या सुनेच्या तोंडावर मीच हात ठेवला होता.

त्याच आठवड्यात पनवेलहून लेकीचा फोन आला. पहिलं बाळंतपण, तेव्हा ती माहेरी येणार हे ठरलेलंच होतं. कधी, एवढाच प्रश्न होता. ती कारखान्यांच्या पाइपांची ड्रॉइंग करते.

"बाबा, ऑफिसवाले घरून काम करू देतायत. पण लॅपटॉपवर त्या रेघा दिसत नाहीत मला. मोठा स्क्रीन लागेल. तुमच्याकडे सोय झाली तर आत्ताच येते, नाहीतर मग रजा लागल्यावर, नवव्यात."

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. सातव्या महिन्यातल्या पोरीने दिवसातून किती वेळा जिना चढायचा, या विचाराने बायकोची झोप उडाली होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला. "तू ये गं. बाबा आणतील स्क्रीन." मग फोन ठेवून माझ्याकडे वळली. "आणाल ना? की अभ्यास करत बसाल?"

मी अभ्यास करत बसलो.

मी शाळेत गणित शिकवतो. त्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे सरळ बघून ती विकत घेणं मला जमत नाही. मी विचार केला, आईला टीव्ही हवा, लेकीला मॉनिटर हवा. शेवटी दोन्ही पडदेच. एकात दोन कामं होत असतील तर दोन वस्तू आणणारा माणूस मूर्खच म्हणायचा. मग मी दाढीचे दोन केस आलेल्या मुलांचे व्हिडिओ बघायला लागलो. पॅनेल, रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट. आठवडाभरात मी असा तयार झालो की जेवताना आमटी वाढणाऱ्या बायकोलासुद्धा सांगायचो, "स्वस्त टीव्हीवर बारीक अक्षरं फाटतात, बरं का." ती म्हणायची, "आणि गरम आमटी गार होते."

आकार ठरवायचा होता. शेजाऱ्यांकडे पंचावन्न इंची आहे, त्यात माणसांच्या भुवयासुद्धा दिसतात, म्हणून आईला पंचावन्न हवा होता. लेकीने फोनवर सांगितलं, सत्तावीस पुष्कळ झाला. मी सरासरी काढली. एक्केचाळीस. असा आकार कोणी बनवत नाही, म्हणून त्रेचाळीस. दोघींचंही समाधान होणार नाही, इतका न्याय्य निर्णय मी घरात याआधी घेतला नव्हता.

राहिलं अंतर. मॉनिटर हातभर लांब असावा, टीव्ही आठ फूट. हे गणित मला आमच्या झोपाळ्याने सोडवून दिलं, असं मी तेव्हा समजत होतो.

आमच्या माजघरात झोपाळा आहे. सुपारी सोलणं, पेपर तपासणं, मुलीला आलेली स्थळं नाकारणं, ही सगळी कामं आमच्या घरात झोपाळ्यावर होतात. खुर्च्या पाहुण्यांसाठी. तेव्हा टीव्ही बघायचा तो झोपाळ्यावरून आणि काम करायचं तेही झोपाळ्यावरूनच, यात मला शंका वाटली नाही. मी टेप घेऊन मोजायला गेलो. झोपाळ्यावर आई होती.

"आई, जरा थांबव ना."

"का? मी काय तुझ्या वाटेत आल्ये?"

आईचा पाय एकदा जमिनीला रेटा द्यायला लागला की थांबत नाही. ती पुढे आली की टेप सैल पडायची, मागे गेली की माझ्या हातातून सुटायची. आणि तिथेच मला तो शोध लागला. झोपाळा पुढे आला की कॉम्प्युटरचं अंतर, मागे गेला की टीव्हीचं! मधला बिंदू धरून भिंतीवर खूण केली. पेन्सिल कानामागे ठेवताना मला स्वतःचा अभिमान वाटला, हे लपवत नाही.

माणगावच्या दुकानदाराने विचारलं, "सर, टीव्ही पायजे का मॉनिटर?"

"दोन्ही."

"मग दोन न्या ना."

मी त्याला झोपाळ्याचा सिद्धांत समजावून सांगितला. तो गल्ल्यामागून उठला. "घरात कोणी मोठं माणूस हाय ना?" एवढंच म्हणाला आणि खोकं काढून दिलं.

दुकानाच्या माणसाने येऊन चिऱ्याच्या भिंतीला चार भोकं पाडली. पडदा जरा उंचच लावून घेतला, म्हणजे स्वयंपाकघरातूनही दिसेल. खोक्यात पडद्याचे दोन पाय आले होते. ते आपल्याला कशाला लागतायत, म्हणून माळ्यावर टाकले.

लेक आली. पायांवर सूज होती. आईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, आणि मी तिला लगेच पडद्यासमोर नेलं, जणू ती पनवेलहून तेवढंच बघायला आली होती.

ती खुर्ची पुढे घेऊन बसली. मान वर गेली. "बाबा, मी काय देवळाचा कळस बघतेय का?" खुर्ची मागे नेली, तर पाइपांच्या रेघा दिसेनात. मी म्हटलं, "अगं, झोपाळ्यावर बस. त्याच्यासाठीच मापून घेतलाय." ती लॅपटॉप मांडीवर घेऊन झोपाळ्यावर बसली. शेजारी आई. आई म्हणजे पाय आलाच.

दुपारी तिची मीटिंग होती. मी दारात उभा राहून कौतुकाने बघत होतो. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात आमचं माजघर मागेपुढे होत होतं. मग तिच्या साहेबांचा आवाज आला, "मॅडम, तुम्ही बोटीतून काम करताय का?" पलीकडे सगळे हसले. ती हसली नाही. लॅपटॉप बाजूला ठेवून मोरीकडे धावली आणि सकाळपासून खाल्लेलं सगळं बाहेर आलं.

परत आली ती भिंत धरून. "बाबा, हे नाही जमणार. मी रविवारी जाते परत. तिकडे ऑफिसात तरी नीट टेबल आहे."

"अगं, सेटिंगमध्ये जाऊन..." मी सुरुवात केली.

बायको आतून आली. "एवढे व्हिडिओ बघितलेत. पोरीला बसवायचं कुठे, ते नव्हतं का एकातही?"

मला तो पनवेलचा जिना दिसत होता, आणि कठडा धरून एकेक पायरी चढणारे ते सुजलेले पाय.

झोपाळ्याची करकर थांबली. दिवसा ती थांबली की आमच्याकडे माणसं दचकून बघतात. आई खाली उतरली होती.

"साखळ्या सोड," ती मला म्हणाली.

"कसल्या?"

"झोपाळ्याच्या. उतरव खाली. आणि ते पडद्याचे पाय आण, कुठे टाकलेस ते."

हा झोपाळा आजवर फक्त लग्नकार्याला उतरला होता. मी साखळ्या सोडल्या. फळी दोन स्टुलांवर ठेवली. बसून बसून गुळगुळीत झालेलं सागवान, दोन माणसांच्या रुंदीचं. एवढं ऐसपैस टेबल तिच्या ऑफिसातही नसेल. पडदा भिंतीवरून उतरवून जुन्या पेटीवर त्याच्या पायांवर उभा केला. अंतर कोणी मोजलं नाही. लेक फळीपुढे खुर्ची ओढून बसली, खुर्ची थोडी मागे घेतली, मान सरळ ठेवून बारीक रेघा बघितल्या.

"दिसतंय," ती म्हणाली. आणि लगेच कामाला लागली. रविवार आला आणि गेला. ती इथेच आहे.

संध्याकाळी पडदा आईचा होतो. ती लेकीची खुर्ची मागे ओढून मालिका बघते. त्या सुनेने काय कबूल केलं ते आता सगळ्या गावाला ठाऊक आहे, आईला सोडून, आणि तिने ते कोणालाही सांगू दिलेलं नाही. खुर्ची हलत नाही, पण तिचा पाय अजून जमिनीला रेटा देतो. भिंतीतल्या भोकांवर बायकोने कॅलेंडर लावलंय. जरा उंच आहे. स्वयंपाकघरातूनही दिसतं.

परवा न राहवून मी विचारलं, "आई, तुझा झोपाळा परत कधी लावू?"

"घाई काय आहे? वरच्या कड्यांना आधी पाळणा लागेल."

मी वर तुळईकडे बघितलं. मग फोन काढला, आणि पाळणा जमिनीपासून किती उंच असावा याचा व्हिडिओ शोधायला लागलो.

"पाळणा माळ्यावर आहे," बायको म्हणाली. "हिला ज्यात वाढवलं, तोच. तुम्ही आधी ती टेप इकडे द्या."