शिवदासने बसवलेली मशीन

एसी बसवायला आला की शिवदास आधी भिंतीवर हात ठेवायचा. बोटांनी दोन-तीन ठिकाणी वाजवून बघायचा आणि मगच खिशातून टेप काढायचा. कणकवलीजवळच्या खेड्यातला माणूस, शिक्षण सातवी, बहारीनला येऊन आठ वर्षं झालेली. तिथल्या नईम मोहल्ल्यातल्या आमच्या भाड्याच्या घरातले दोन्ही एसी त्यानेच बसवले होते. मी पुण्याचा, सिव्हिल इंजिनिअर, नाव चंद्रशेखर. शिवदासबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दलही लिहावं लागतं, म्हणून इतकी वर्षं मी ते टाळत आलो.

१९८२चा जानेवारी होता. माझी बायको सुनंदा हिला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. बाळंतपणासाठी माझी आई पुण्याहून आली होती. येताना ट्रंकेत डिंक, बाळंतशोपा, ओवा आणि चक्क लोखंडी शेगडी घेऊन आली. बाळंतिणीला शेक नि बाळाला धुरी हवीच, हा तिचा हुकूम. मला त्या शेगडीची लाज वाटली. ऑफिसातले लोक बाळ बघायला येणार आणि इंजिनिअरच्या घरात कोळशाचा धूर! मी जाहीर केलं, आपण गरम-गार मशीन घ्यायची. दिसायला साधा एसीच, पण थंडीत उलटी चालवली की बाहेरच्या हवेतली ऊब ओढून खोलीत सोडते. किंमत साध्या एसीच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा ती नवलाईची वस्तू होती आणि नवलाईची वस्तू आपल्या घरी आधी यावी, ही हौस मला फार.

शिवदास आला. त्याने बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतीवर हात ठेवला आणि मान हलवली.

"सायबांनू, माझा आयकशात तर ही मशीन घेव नकात. हय थंडी असता ती म्हयनो-दीड म्हयनो. तेच्यासाठी ही भिंत कित्याक फोडतास? समुद्रातल्या दगडाची भिंत ही, एक दगड काढलो तर चार येतले. घरात चार दिवसांचा पोर आसा. खिडकी जराशी उघडी ठेवन शेगडी पेटवा, नायतर साधो हीटर आणा."

कामगाराने इंजिनिअरला, तेही आईसमोर, शहाणपण शिकवावं हे मला रुचलं नाही. "तुला बसवता येत नसेल तर तसं सांग, मी दुसरा माणूस बोलावतो," मी म्हणालो. त्याने छिन्नी उचलली.

तो म्हणाला तसंच झालं. मापापेक्षा दीडपट भिंत खाली आली. घरभर पांढरी धूळ, सुनंदा बाळाला पदराखाली घेऊन पुढच्या खोलीत, आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे नुसती बघत होती. खालच्या मजल्यावरचे घरमालक महमूद दोनदा वर येऊन गेले. शिवदासने दोन दिवस खपून भिंत पुन्हा उभी केली, जिप्सम चाळणीने चाळून गिलावा केला. वरच्या कामाचे पैसे मागितले नाहीत. गिलावा करताना एवढंच म्हणाला, "पुढच्या म्हयन्यात माझो विझा रिन्यू होवचो आसा. जैनुद्दीन भायनी बरो रिपोर्ट दिल्यानी काय आणखी दोन वर्सां मेळतली. गावच्या घराच्यो भिंती उभ्यो झाल्यो, छप्पर रवला." जैनुद्दीन म्हणजे त्याच्या कंपनीचा सुपरवायझर. मी बरं बरं म्हटलं.

मशीन सुरू झाली तेव्हा खोलीत खरंच ऊब आली. मी विजयी मुद्रेने आईकडे बघितलं. शिवदास हत्यारं भरताना म्हणाला, "सायबांनू, भायलो भाग आसा ना, तो..." मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "अरे, मी इंजिनिअर आहे," म्हटलं. तो हसला आणि निघून गेला.

मशीनचा मागचा अर्धा भाग गच्चीवर उघडा होता. बहारीनमध्ये थंडी आली की एसी बंद व्हायचे आणि आम्ही सगळे मराठी लोक त्यांच्या पाठी प्लास्टिकने झाकून सुतळीने बांधून टाकायचो. वाऱ्याबरोबर वाळू येते, आत बसते. त्यात आपल्याकडे नवी वस्तू म्हणजे तिच्यावर कव्हर हवंच. घरातल्या रेडिओलासुद्धा सुनंदाने भरतकामाचं कव्हर शिवलं होतं. बारशाच्या आदल्या संध्याकाळी मी दर वर्षीच्या सवयीने गच्चीवर गेलो आणि नव्या मशीनची पाठ दुहेरी प्लास्टिकमध्ये चापून-चोपून बांधली. वर दोन गाठी मारल्या. आत मशीन चालू होती. पण तिला बाहेरची हवा मिळाली नाही तर ती ऊब आणणार कुठून, हा साधा विचार माझ्या पदवीधर डोक्यात आला नाही.

शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी बारशाला पंधरा-वीस माणसं जमली होती. मी मशीनची महती सांगत होतो. आईने बाळाला न्हाऊ घालून खोलीत आणलं आणि त्या ओल्या जिवावर मशीनने गार वारा सोडला. बाळ निळंजांभळं होईपर्यंत रडलं. आईने ट्रंकेतून शेगडी काढली. कुणीतरी हसलं. "काय चंद्रशेखर, तुमची मशीन उलटी चालते की काय?"

माणूस चुकला की आधी दुसऱ्याची मान शोधतो. मी तेच केलं. शिवदासला नुसता निरोप धाडला असता तर तो संध्याकाळी सायकल मारत आला असता. पण मला दुरुस्ती नको होती, सूड हवा होता. शनिवारी ऑफिसात पोचताच मी थेट जैनुद्दीनला फोन लावला. "आपके आदमी को काम नहीं आता. मेरी बारा दिन की बच्ची बीमार पड़ गई. मैं इंजिनियर हूँ, मुझे मत समझाइए." बाळाला सर्दी झाली होती, बस.

त्याच संध्याकाळी वाळत घातलेले लंगोट काढायला मी गच्चीवर गेलो. प्लास्टिकच्या आत पंखा घुसमटून घरघरत होता. आतून पाणी ओघळत होतं आणि जाळीवर बर्फ धरला होता. मी सुतळी कापली. अर्ध्या तासात खोलीत ऊब आली. सुनंदाने आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या प्लास्टिककडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी मी पुन्हा फोन केला. वाक्य मनात पाठ करून ठेवलं होतं: चूक माझी होती. जैनुद्दीनने बोलूच दिलं नाही. "साहब, उसका खलास हो गया. ऊपर बात हो गई, विज़ा रिन्यू नहीं होगा. आप जैसे इंजिनियर की बात कौन टालेगा? हाँ, मशीन का क्या हुआ?"

"चालू हो गई," मी म्हणालो.

"कैसे?"

"अपने आप."

आयुष्यात मी खूप खोटं बोललोय, पण त्या दोन शब्दांची मला जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, शिवदास घरी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात बाळासाठी खुळखुळा. शनिवारी दुपारचं त्याचं विमान होतं. आईने त्याला डिंकाचा लाडू दिला. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"कोनीतरी कंप्लेंट केल्यानी," तो म्हणाला. "नाव सांगनत नाय. ह्या वर्सा चार घरात असल्यो मशिनी लावलंय. जुफैरच्या वस्तीतलो एक सायब तापट आसा, तोच असतलो." मग सुनंदाकडे वळून त्याने विचारलं, "वयनीनू, तुमची मशीन बरी चलता मां?"

"छान चालते," सुनंदा म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

शिवदास माझ्याकडे वळला. "सायबांनू, एक मागना आसा. माका चार ओळी लिवन देशात? मुंबैत काम शोधूक व्हया. तुमच्यासारख्या इंजिनिअराचा कागद दाखवलंय तर कोनय नाय म्हणाचो नाय."

मी ऑफिसचा छापील कागद घेतला. इंग्रजीत लिहिलं की या माणसाने माझ्या घरी तीन यंत्रं बसवली, तिन्ही निर्दोष चालतात, त्याच्या कामात आणि सल्ल्यात मला कधी चूक आढळली नाही. खाली सही केली, हुद्दा लिहिला. त्याने वाचून दाखवायला सांगितलं, म्हणून मराठीत वाचूनही दाखवलं. वाचताना माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं मला अजून नवल वाटतं.

त्याने कागदाची घडी पासपोर्टात ठेवली. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "आठ वर्सांत माका असा कोनी लिवन दिल्यानी नाय," म्हणाला आणि मी नको नको म्हणेपर्यंत माझ्या पाया पडला.

त्या कागदावरचा शब्द न् शब्द खरा होता. तोच मजकूर जैनुद्दीनला लिहायला हवा होता, वर फक्त त्याचं नाव घालायचं होतं. लिहायला शुक्रवारचा अख्खा दिवस माझ्याकडे होता आणि नेऊन द्यायला शनिवारची सकाळ. जैनुद्दीनचं ऑफिस आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. मी गेलो नाही.