पुसलेला थेंब

सरांनी फडकं दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि माझ्यापुढे सोडलं. मी ते झेललं. झेललं नसतं तर खाली पडलं असतं, एवढाच विचार तेव्हा डोक्यात आला.

"तुमचाच माणूस आहे ना? मग तुम्हीच पुसा."

हॉल भरलेला होता. एसी चालू होता. पुढच्या रांगेत कारखानेवाले, डॉक्टर, वकील, निवृत्त शिक्षक, सगळे शहरातले मान्यवर. स्टेजवर मोठ्या पडद्यावर आमची नदी होती. म्हणजे कामवारी नदी, पण चित्रातली. निळी. काठाने फरशी, दिव्यांचे खांब, बाकावर बसलेलं गोरंपान जोडपं. आणि त्या पडद्यासमोर माझा आजा उभा होता, हातात थंड पेयाची प्लॅस्टिकची बाटली घेऊन. पायात स्लीपर. समोरच्या लाल गालिच्यावर ओला डाग.

सफाईवाले चाचा पोछा घेऊन आले होते. ते म्हणाले, "बेटी, मैं कर देता हूँ. मेरा काम है."

सरांनी त्यांना हाताने थांबवलं. "चाचा, तुम रहने दो. इनकी गंदगी इनको ही साफ करने दो. आदत लगेगी."

काही लोक हसले. मोठ्याने नाही. शिकलेली माणसं मोठ्याने हसत नाहीत.

मी कोण होते ते सांगते. मी सरांच्या ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर होते, काँट्रॅक्टवर. भिवंडीच्या नदीकाठाचा आराखडा याच ऑफिसने केला होता. पडद्यावरची ती निळी नदी मीच लॅपटॉपवरून पुढे-मागे सरकवत होते. शेलार गावाच्या पुढे, अगदी पाण्याला लागून आमचा पाडा आहे. पाड्यात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. गळ्यात ओळखपत्र अडकवून फिरायला मला फार आवडायचं. घरी गेल्यावरही लवकर काढायची नाही.

काठाचं काय करावं यावर शहरातल्या लोकांची मतं घ्यायची, म्हणून ही बैठक होती. मीच सरांना म्हटलं होतं, आमच्या पाड्यातलं कुणी बोलायला हवं, आमची घरं तिथेच आहेत. सर म्हणाले, "छान. आदिवासी बांधवही असू देत. फोटोत बरं दिसतं." मला त्यातलं 'छान' तेवढं ऐकू आलं. धावत घरी गेले. आज्याला सांगितलं, तुला हॉलमध्ये बोलायचंय, माइकवर. त्याने धोतर धुऊन वाळत घातलं.

बैठकीत खूप बोलणं झालं. एकाला जॉगिंग ट्रॅक हवा होता. एकाला बोटिंग. यंत्रमागवाल्या शेठना ट्रकांसाठी पार्किंग हवं होतं, नदीचं पुढे बघू म्हणाले. निवृत्त शिक्षिका होत्या एक, त्यांना काठावर वाचनालय हवं होतं. मग कुणीतरी रंगीत कारंज्याची टूम काढली आणि अर्धा हॉल तिच्या प्रेमात पडला. पाण्याचा रंग आमच्याकडे सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगवाल्यांच्या आणि कापड रंगवणाऱ्या डाईंगवाल्यांच्या मर्जीवर असतो. कारंज्याला वेगळा रंग कशाला लागणार होता, मला कळेना. पण मी ऑपरेटर. मी स्लाइड बदलत होते.

एका स्लाइडवर नदीच्या वळणाशी हिरवा गोल होता. त्यात लिहिलं होतं, ओपन जिम. तो गोल ऑफिसात मी कितीदा बघितला होता. तिथे आमचे दगड आहेत हे मला माहीत होतं. तरी गोल तो गोल, दगड ते दगड, असं डोक्यात वेगवेगळं राहिलं होतं.

दगड म्हणजे आमची मेलेली माणसं. पाड्यात कुणी गेलं की त्याच्या नावाने काठावर एक दगड उभा करतात, शेंदूर लावतात. तिथे माझ्या आजीचा आहे. माझ्या बाबाचा आहे. बाबा लूमवर होता. कापसाची धूळ छातीत भरून गेला, मी शाळेत असताना. त्याच्या दगडावर आता सायकल मारायचं मशीन येणार होतं.

पाड्यात कुठलीही बोलणी असोत, लग्नाची, बांधाच्या भांडणाची, आधी त्या माणसांना बसवायचं. वडीलधारा माणूस मोहाच्या दारूचा थेंब जमिनीवर सोडतो आणि म्हणतो, बसा. ती बसली की मग जिवंत माणसांनी तोंड उघडायचं. थेंब माती पिते. त्याला कुणी हात लावत नाही. मी लहानपणापासून बघत आले, उंबऱ्यात चप्पल काढावी इतकं साधं. म्हणूनच आज्याला सांगायचं मला सुचलं नाही की इथे तसं करत नाहीत. सुचलं असतं तर सांगितलं असतं का? हो. लगेच सांगितलं असतं. ही माझी पहिली लाज.

सरांनी पुकारलं, "आता आपले आदिवासी बांधव." आजा स्टेजसमोर गेला. माइककडे बघितलं नाही. बाटलीचं झाकण उघडलं, वाकला, गालिच्यावर थेंब सोडला. एकदा, दुसऱ्यांदा. हळू म्हणाला, "बसा. तुमचीच गोष्ट हाय."

वास पसरला. दारू होती, खोटं कशाला सांगू. एसीत तो वास कोपऱ्या-कोपऱ्यात गेला. पुढच्या रांगेतल्या एकाने नाकाला रुमाल लावला. मागून कुणी म्हणालं, "सकाळी सकाळीच लावून आलेत." माझा आजा दारू पीत नाही. छातीचं दुखणं झालं तेव्हापासून शिवलेला नाही. हे सांगायला माझ्याकडे तोंड होतं, माइकसुद्धा हाताशी होता. मी काही सांगितलं नाही. मी लॅपटॉपमागे खुर्चीत जेवढं लहान होता येईल तेवढी झाले.

आणि मग ते फडकं.

मी पुसलं. गुडघे टेकून पुसलं. गळ्यातलं ओळखपत्र लोंबत होतं, ते डागावर घासू नये म्हणून डाव्या हाताने धरलं आणि उजव्या हाताने पुसलं. कडेने पुसलं, मधे पुसलं, वास जाईना म्हणून परत पुसलं. नोकरीत मी कुठलंच काम इतकं मन लावून केलं नसेल. मला आज्याची लाज वाटत होती. त्याच्या स्लीपरची, त्याच्या बाटलीची, माझ्यासारखंच नाक असलेल्या त्याच्या तोंडाची. एक क्षण असं वाटलं की तो आमचा नसता तर बरं झालं असतं. हे लिहिताना हात थांबतो, पण वाटलं ते वाटलं.

पुसता पुसता हात जरा पुढे गेला. तिथेही गालिचा ओला होता. सकाळी दीपप्रज्वलनाच्या वेळी सरांनी तिथे नारळ फोडला होता. पाणी धो धो सांडलं होतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ते कुणी पुसलं नव्हतं. लोक त्या ओल्याला वळसा घालून जात होते, पाय लागू नये म्हणून.

माझा हात तिथे थांबला. बस, थांबला. मी उठले, फडकं चाचांना दिलं, जागेवर जाऊन बसले.

आजा बोललाच नाही. सर माइकवर म्हणाले, "बरं, त्यांना काही सांगायचं नाहीये. पुढे जाऊ." आणि मी पुढची स्लाइड लावली.

रिक्षातून घरी आलो. उतरताना मी त्याचा हात धरायला गेले, त्याने काढून घेतला. ओट्यावर बसला. मी म्हटलं, तू बोलला का नाहीस, तेवढ्यासाठी तर नेलं होतं.

तो म्हणाला, "बोलू कसा? थेंब पुसलास तू. त्यांना उठवून लावलास. बैठक मोडली."

मग म्हणाला, "तुजा बापूस बसला व्हता तिथं."

मी आत गेले. आई चुलीपाशी होती, तिने काय झालं विचारलं, मी सरळ मोरीवर गेले. हात धुतले. परत धुतले. साबण लावून धुतले. वास गेला नाही, किंवा गेला असेल आणि मलाच येत असेल. बाबा मेला तेव्हा मी रडले होते. त्या दिवशी रडूही आलं नाही. रडायला निदान आपली बाजू तरी खरी असावी लागते.

तरी मी दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले. घर माझ्या पगारावर चालतं, म्हणून गेले, आणि भीती होती म्हणूनही गेले. सर नेहमीसारखे बोलले. म्हणाले, कालचं मनावर घेऊ नका, आणि हो, भूमिपूजनाला तुमच्या लोकांचा तारपा नाच ठेवू या. मी मान हलवली. मान हलवायची मला चांगली सवय लागली होती.

पुढची बैठक ठरली. शेवटची, म्हणाले, यात मंजुरीच. मी आज्याला विचारलं, येतोस का. तो म्हणाला, "मी कशाला? ज्यानं पुसला त्यानंच परत सोडायचा."

आई मधे पडली. "बाईमानूस कदी सोडतं का थेंब?"

"पुसला बाईच्या हातानंच ना," आजा म्हणाला आणि बाटली माझ्यापुढे ठेवली.

मी ती पर्समध्ये घालून हॉलवर गेले. सोडेन असं काही ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर टॉयलेटमध्ये ओतून द्यावी असंही मनात येऊन गेलं. नारळ फुटला, पाणी सांडलं, टाळ्या झाल्या. मी लॅपटॉपमागे बसले. ट्रॅक आला, कारंजं आलं, हिरवा गोल आला. सर माइकवर म्हणाले, "इथे काठावर जो पाडा आहे, त्यांच्याशी आपली चर्चा झालेली आहे. त्यांचा विरोध नाही."

सगळ्यांच्या माना हलल्या. कारंजंवाला पुढच्या मुद्द्याला लागला.

चर्चा झालेली आहे. मी पुसलं होतं, आणि त्यालाच हे लोक चर्चा म्हणत होते. माझ्या फडक्याने माझ्या बाबाला उठवलं, आणि त्या मोकळ्या जागेवर यांनी आमचा होकार बसवला.

मी उठले. स्टेजसमोर गेले, पर्समधून बाटली काढली. झाकण घट्ट बसलं होतं, उघडेना. हॉल बघत होता. दातांनी उघडलं. थेंब सोडला. एक आजीला, एक बाबाला.

"बसा," मी म्हटलं. "बाबा, बस."

वास सुटला. सर खाली उतरले. चाचांच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. या वेळी पूर्ण मुठीत. "काय तमाशा लावलाय? पुसा ते."

ऑफिसात मी पुस्तकातली मराठी बोलायचे. इतकी नीट की लोक विचारायचे, तुम्ही पुण्याच्या का. त्या दिवशी तोंडातून पाड्याचंच निघालं.

"न्हाय पुसनार."

मी नारळाच्या ओल्याकडे बोट केलं. "आदी ता पुसा. मंग माज्याकडं या."

कुणी हललं नाही. नारळाचं पाणी पुसायला कोण पुढे येणार? सरांच्या हातात फडकं तसंच राहिलं. पहिल्यांदा ते झेलायला कुणी नव्हतं आणि त्यांना ते कुठे ठेवावं कळत नव्हतं.

मी माइकवर गेले. म्हटलं, आमच्याशी चर्चा झालेली नाही. तुम्ही आमची बैठक मोडलीत. ती आता सुरू झाली. त्या हिरव्या गोलात आमची माणसं आहेत आणि आमचा विरोध आहे. एवढ्यात माइक बंद केला कुणीतरी. काही बिघडलं नाही. आम्ही लहानपणापासून नदीच्या या काठावरून त्या काठाला हाका मारल्यात. दगडांची नावं मी माइकशिवाय सांगितली, एकेक. संपेपर्यंत खाली बसले नाही.

बाहेर जिन्यात त्या निवृत्त शिक्षिका भेटल्या. म्हणाल्या, "मुद्दा बरोबर होता गं तुझा. पद्धत चुकली." मी म्हटलं, मॅडम, पद्धत आमचीच आहे.

नोकरी गेली, हे सांगायला नको. आता वडपेला गोडाऊनमध्ये शिफ्ट करते, खोके स्कॅन करते. आराखडा रद्द झालेला नाही. हिरवा गोल कुठल्यातरी लॅपटॉपमध्ये अजून आहे, आणि तो पुढे-मागे सरकवायला दुसरी कुणी मुलगी बसली असेल. मंजुरी तेवढी त्या दिवशी झाली नाही, परत बैठक घेऊ म्हणालेत. आजा माझ्याशी बोलतो, पण त्या पहिल्या दिवसाबद्दल नाही. मीही काढत नाही. लाज गेलेली नाही. घरात जमीन सारवायला गुडघे टेकले की ती येऊन शेजारी बसते. बसू दे. ती गेली तर मी परत फडकं झेलेन.

पुढची बैठक कुठल्याही हॉलमध्ये घेऊ देत, बाटली घेऊन मी जाणार आहे. आधी थेंब पडेल, मग बोलणं. गालिचा खराब होईल. तो कुणी पुसायचा ते त्यांनी आपसात ठरवावं. माझे गुडघे त्यांना मिळणार नाहीत.