पुढचं दाखवा, गुरुजी

डोळे मिटतात, पण कान अजून जागे आहेत. दुपारचा पंखा कुरकुरतो आहे. संध्याकाळी शाळेत सिनेमा आहे: बंगालमधल्या गरीब खेड्यातल्या बहीण-भावाचा, जुना, काळा-पांढरा. मी निवृत्त झालो तरी मुलांना तो समजावून सांगायला मलाच बोलावतात. त्यातली बहीण पावसात भिजते आणि तापाने मरते. मुख्याध्यापक मघाशी फोनवर म्हणाले, ती भिजते तिथेच बंद करू, पुढचं बघून मुलं घाबरतील. मी बरं म्हणालो.

पंख्याचा आवाज आता प्रोजेक्टरचा आहे. मी वर्गात उभा आहे. शेवटच्या बाकावर इंदू दिघोरे बसली आहे, तळ्याकाठच्या ढिवरांची, मासे नि शिंगाडे काढणाऱ्यांची. माझ्याच वर्गात, पाचवीत असताना तापाने गेली. फ्रॉकचा खिसा नेहमीसारखा शिंगाड्यांनी फुगलेला.

"बंद काऊन केलं?"

"लहान मुलं आहेत, बाळ. रडतील."

"मंग रडतीन. डोळ्यातलं पाणी तुमच्या घरचं हाय का?"

मी समजावायला खडू उचलतो. फळा ओला आहे. फळ्यावर शिंगाड्याचे वेल तरंगतात आणि आम्ही दोघं तळ्यात गुडघाभर पाण्यात आहोत. इंदू वेल ओढते, तुटेल इतक्या जोराने. माझ्याकडे न बघता सांगते, ती स्वतः मेली तेव्हा धाकट्या भावाला, देवरामला, सगळ्यांनी सांगितलं की ताई मामाच्या गावी गेली. घरात तिचं नाव काढायचं नाही असंही ठरलं. पोराला त्रास नको म्हणे.

तळ्याच्या बांधावर एसटीचा थांबा आहे. देवराम तिथे उभा आहे. गाडी येते, माणसं उतरतात, तो प्रत्येकाच्या पाठीमागे डोकावतो. गाडी निघून जाते. तो पुन्हा रस्त्याकडे तोंड करतो.

मला राग येतो. मूल रडलेलं आपल्याला बघवत नाही, म्हणून आपण त्याला उन्हात ताटकळत ठेवतो आणि त्याला माया म्हणतो. मीही मघाशी बरं म्हणालो.

"सांगा त्याले," इंदू म्हणते. "अजून उभाच हाय तो."

मी जवळ जातो. देवराम मूठ पुढे करतो. आत एक शिंगाडा आहे.

"ताईसाठी ठेवला. देसान तिले?"

"ती मेली रे, बाळा."

देवराम शिंगाडा माझ्या डाव्या तळहातावर ठेवतो, माझी बोटं घट्ट मिटवतो आणि रडू लागतो. मागे तळ्यात वेल ओढायचा आवाज थांबतो.

जाग येते. वीज गेली आहे, पंखा बंद. मी उजव्या हाताने मुख्याध्यापकांना फोन लावतो. सिनेमा शेवटपर्यंत दाखवायचा, म्हणतो. रडणाऱ्यांजवळ मी बसेन. ते काहीतरी बोलत राहतात, मी ऐकत नाही.

एप्रिल चालू आहे. तळं केव्हाच आटलं आहे. डाव्या मुठीत काहीतरी टोचतं आहे. मूठ उघडतो. हिरवा, ओला शिंगाडा, एक काटा कातडीत रुतलेला.