दोन गाड्यांची एक गाडी

सिंगापूर पडून वर्ष उलटलं होतं. जपानी मद्रासच्या किनाऱ्यावर उतरतील ही धास्ती सरकारला अजून होती, म्हणून किनाऱ्यामागच्या गावांतून लहान लहान तुकड्या ठेवल्या होत्या. आमची वर्कशॉप डिटॅचमेंट कुंभकोणमला आली. एक कॅप्टन, एक हवालदार-मेकॅनिक, आम्ही नऊ जण, दोन लॉऱ्या आणि तीन मोटारसायकली. मी नायक होतो, काम फिटरचं.

कुंभकोणम माझं स्वतःचं गाव. फौजेत माणसाला त्याच्या गावी पोस्टिंग मिळत नाही. मला मिळालं, आणि ही चूक वर कोणाच्या लक्षात येईपर्यंत सात महिने निघून गेले.

आमचं घराणं तंजावरच्या राजांच्या वेळी इकडे आलं. राज्य खालसा झालं तेव्हा पणजोबांची दरबारची चाकरी सुटली. पुढचे लोक कारकून झाले, शिक्षक झाले. हातात पाना धरणारा मी पहिला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. हे लिखाण माझ्या सुनेने तपासलं आहे. ती सांगलीची, तेव्हा जी मराठी शुद्ध वाटेल ती तिची.

सकाळी साडेपाचला पी.टी., सातला चहा, साडेसातला काम. बंद पडलेल्या गाड्या तिरुचीहून आणि नागपट्टणमहून यायच्या. आम्ही त्या उघडायच्या, चालत्या करायच्या, परत पाठवायच्या. आमच्या तीन मोटारसायकलींपैकी एक लॉरीखाली सापडून मोडली होती. तिचं खालचं इंजिन शाबूत होतं. दुसऱ्या एका मोडक्या गाडीचं वरचं सिलिंडर चांगलं होतं. दोन्ही मिळून मी एक गाडी बांधली. पाचशे सीसी, एकच सिलिंडर. सिलिंडर रीबोअर होऊन, म्हणजे आतून कातून रुंद होऊन आलं, त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवला. तिसऱ्या किकला सुरू झाली. हवालदार सवरिमुत्तू म्हणाले, "नल्ला इरुक्कु." चांगली झाली. ते एवढंच बोलायचे, आणि तेही वर्षातून दोनदा.

ती गाडी चालवायला मिळाली लान्सनायक ज्ञानू साळुंखेला. तो आमचा डी.आर., म्हणजे डिस्पॅच रायडर, मोटारसायकलवरून संदेश नेणारा. साताऱ्याकडचा, चोवीस वर्षांचा, बुटका, रुंद खांद्यांचा. पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून तो हसत सुटला.

"तुमची मराठी बखरीतनं उठून आलीया व्हय?"

माझं नाव राव आहे हेही त्याला दोन दिवस पटलं नाही. त्याच्या गावात म्हणे सगळ्यांनाच 'राव' म्हणतात.

गाडी ताशी तीस मैलांपर्यंत ठीक चालायची. पस्तीसच्या पुढे थरथरायला लागायची आणि चाळीसला अंगात आल्यासारखी हलायची. पहिल्या आठवड्यात हेडलाइटचे दोन बल्ब गेले. दुसऱ्या आठवड्यात टाकीचा ब्रॅकेट तडकला. ज्ञानूने तक्रार केली नाही. तो फक्त म्हणायचा, "राव, जरा नाचती."

एका रविवारी मी त्याला घरी जेवायला नेलं. तो नुकताच तंजावरहून तेवीस मैल गाडी मारून आला होता. आईने पान वाढलं. ज्ञानूने पाण्याचा पितळी पेला उचलला आणि तो त्याच्या बोटांतून निसटून पानात पडला. पाणी, भात, सांबार, सगळं एक झालं. तो ओशाळला. आईने पान बदललं आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्याच्या हातांस काय झालें रे?"

"गाडी हलते, आई. बोटं बधिर होतात."

"ती गाडी कोणी केली?"

"मी."

ज्ञानूला तिने स्वतः जवळ बसून वाढलं. मला त्या दिवशी दुसऱ्यांदा भात लागतो का, हे विचारलं नाही.

सोमवारी मी गाडी उघडायला घेतली. आधी सोप्या गोष्टी. इंजिन फ्रेमला धरणारे सगळे बोल्ट तपासले. एक सैल होता, आवळला. टॅपेटचं अंतर लावलं. मॅग्नेटोची ठिणगी जरा लवकर पडत होती, ती मागे घेतली. कार्ब्युरेटर साफ करून मिश्रण लावलं. उभ्या जागी इंजिन घड्याळासारखं चालायला लागलं. ज्ञानू साक्कोट्टैपर्यंत फेरी मारून आला.

"काय?"

"आवाज झ्याक. पण चाळीसला नाचतीच."

बुधवारी कॅप्टनसाहेबांनी तो तडकलेला ब्रॅकेट पाहिला. त्यांनी मला बोलावलं.

"शनिवारी दहा वाजता मी स्वतः चालवून पाहीन. तोवर थरथर थांबली पाहिजे, नाहीतर गाडी सुट्या भागांसाठी स्पेअरमध्ये जाईल आणि साळुंखे तिरुचीला जाईल, गार्ड ड्यूटीवर."

"येस सर."

हवालदार सवरिमुत्तूंनी बाहेर आल्यावर एकच प्रश्न विचारला. "नवीन पिस्टनचं वजन केलं होतंस?"

केलं नव्हतं. मी फक्त माप पाहिलं होतं.

मोटारसायकल न उघडलेल्यांसाठी सांगतो. पिस्टन वरखाली धावतो. त्याचा धक्का मोडायला आतल्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, उलट बाजूला वजन ठेवलेलं असतं. पिस्टन जड झाला की ते वजन कमी पडतं, आणि उरलेला धक्का हँडलमधून माणसाच्या हातात जातो. वजन वाढवायला जागा नसते. मग पिस्टनकडच्या बाजूला भोकं पाडून ती हलकी करायची. शिवाय फ्लायव्हीलच्या दोन चकत्या एका रेषेत फिरायला हव्यात. त्यासाठी लेथ लागतो. आमचा लेथ तिरुचीला होता.

कुंभकोणमला मात्र भांडी घडवणाऱ्यांची आळी आहे. तिथे सुब्बय्या आचारी पितळी भांडी चरकावर धरून कातायचे. आमच्याकडे आचारी म्हणजे स्वयंपाकी नव्हे, धातूचा कारागीर. वय साठ, एका डोळ्याने अधू. त्यांचा लेथ हाताने फिरवायच्या मोठ्या चाकावर चालायचा. गुरुवारी दुपारी मी फ्लायव्हील गोणपाटात गुंडाळून घेऊन गेलो. ज्ञानू चाक फिरवायला आला.

आचाऱ्यांनी फ्लायव्हील हातात घेऊन वळवून पाहिलं. "याने लढाई जिंकणार का तुम्ही?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"आधी ती सरळ करायची आहे, अय्या."

त्यांनी ती दोन टोकांमध्ये धरली. ज्ञानू चाक फिरवू लागला. आचाऱ्यांनी कडेशी एक खिळा धरला, टोक अगदी जवळ, आणि अधू नसलेला डोळा त्याच्यामागे नेला. खिळा एका ठिकाणी घासायचा, दुसऱ्या ठिकाणी फट दिसायची. आमच्या वर्कशॉपमध्ये याला घड्याळासारखं मापयंत्र लागतं.

"थांब." खडूची खूण. तांब्याच्या हातोडीचा एक ठोका. "फिरव." पुन्हा खिळा. "थांब."

असं दोन तास चाललं. ज्ञानू घामाने भिजला. "राव, ह्यांला म्हणावं, रेजिमेंटचं चाक एवढं कुनी फिरवलं न्हाई." मी ते तमिळमध्ये सांगितलं. आचारी हसले नाहीत. "त्याला सांग, माझी बायको तीस वर्षं फिरवते आहे."

शेवटी खिळा पूर्ण फेरीत कुठेच घासला नाही आणि कुठेच फट दिसली नाही.

मग त्यांच्या तराजूत जुना आणि नवा, दोन्ही पिस्टन घातले. नवा चार तोळे जड. शुक्रवारी सकाळी विटांवर दोन सरळ पट्ट्या पाणसळीने लावल्या, त्यावर फ्लायव्हील ठेवली, पिस्टनच्या जागी हिशेबाने वजन टांगलं. जड बाजू खाली यायची. तिथे भोक पाडायचं, पुन्हा ठेवायचं. चौथ्या भोकानंतर ती जिथे सोडाल तिथे थांबू लागली. मी ती निरनिराळ्या जागी सोडून पाहिली. प्रत्येक वेळी थांबली. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो पुढे नायकाचा हवालदार झालो तेव्हाही झाला नाही.

संध्याकाळी सहापर्यंत गाडी बांधून झाली. इंजिनाच्या डोक्यापासून फ्रेमपर्यंत एक लोखंडी पट्टीही आवळली. ज्ञानू चोळपुरमला जाऊन आला. गाडीवरून उतरून त्याने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटं स्थिर होती.

"चाळीसला?"

"काय न्हाई. पन्नासला जराशी गुदगुल्या करती."

एकाच सिलिंडरच्या गाडीचा थरकाप पूर्ण जात नाही. ज्या वेगाने चालवायची नाही, त्या वेगाकडे तो ढकलायचा असतो. तेवढं झालं होतं.

शनिवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना सायकलवरून तारेचा शिपाई आला. तो ऐप्पसी महिना होता, म्हणजे आश्विन-कार्तिक, इकडचा पावसाळा. वर डोंगरात चार दिवस पाऊस होता. वाटेत खांब पडल्यामुळे तार उशिरा पोचली होती. कोळ्ळिडम नदीत वरून जादा पाणी सोडलं होतं, आणि ते दुपारी बाराच्या सुमारास खाली येणार होतं. नदीच्या पात्रातल्या बेटावर सॅपर्सची, म्हणजे फौजेतल्या बांधकामवाल्यांची, तुकडी बांबू तोडत होती. एक्केचाळीस माणसं. तिथला टेलिफोन बंद होता. आमची एक लॉरी तंजावरला, दुसरी उघडलेली. उरलेल्या दोन मोटारसायकली बाहेर. अंतर सोळा मैल.

कॅप्टनसाहेब कागद हातात घेऊन अंगणात आले.

"ती गाडी जाईल?"

इंजिन पुरतं उघडून पुन्हा बांधलं की गाडी पहिले काही शे मैल तीसच्या वर न्यायची नसते. पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. पुन्हा बांधल्यापासून ही जेमतेम बारा मैल चालली होती. मी ते सांगितलं.

"मी विचारलं, जाईल का?"

"जाईल, सर. मी मागे बसतो."

दहा दहाला निघालो. ज्ञानू पुढे, मी मागे, खांद्याला हत्यारांची पिशवी आणि तेलाचा डबा. कावेरीचा पूल ओलांडला. तीस. मग पस्तीस. मग चाळीस. मी तळवा फ्रेमवर ठेवला होता. गाडी शांत होती. रस्त्यावर पाणी साचलं होतं, बैलगाड्या होत्या. चोळपुरम दहा सत्तावीसला मागे पडलं.

त्यानंतर दोन मैलांवर आवाज बदलला. फार नाही. जरा चढला, जरा कोरडा झाला. मी ज्ञानूच्या खांद्यावर थाप मारली.

"क्लच! क्लच दाब!"

त्याने दाबला. इंजिन घुसमटून बंद पडलं. गाडी शेताच्या बांधापाशी थांबली.

"धरलं?"

"धरत होतं. आता निवू दे."

"किती येळ?"

"दहा मिनिटं."

"राव, पानी थांबनार न्हाई."

"आत्ता किक मारलीस तर पिस्टन फुटेल. मग आठ मैल पळत जा."

मी प्लग काढून आत थोडं तेल सोडलं. मिश्रण जरा दाट केलं, म्हणजे गाडी कमी तापेल. ज्ञानू रस्त्याकडे पाहत उभा होता. एकदाच म्हणाला, "माजा चुलत भाऊ सॅपर हाय. ह्यांच्यात न्हाई. पर हाय."

दहा एक्केचाळीसला मी म्हटलं, "मार."

पहिली किक, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसऱ्या किकला इंजिन धुराचा लोट सोडून सुरू झालं.

उरलेलं अंतर बत्तीस-तेहेतीसने गेलो. अकराला काठावर पोचलो. बेटापर्यंत घोटाभर पाणी होतं. ज्ञानू गाडी टाकून त्यातून पळत गेला. तिथल्या सुभेदारांनी कागद वाचला, शिट्टी वाजवली. "सामान सोडा. माणसं मोजा." अकरा चाळीसला शेवटचा माणूस काठावर आला. सुभेदारांनी दोनदा मोजलं. एक्केचाळीस.

पाणी बारा दहाला आलं. लाट नव्हती. नदी नुसती फुगत गेली, तपकिरी, आवाज न करता. अर्ध्या तासात बेटावरचे तंबू दिसेनासे झाले. मग एका सॅपरने आम्हाला विडी दिली. मी ओढत नाही. त्या दिवशी ओढली.

गाडी स्पेअरमध्ये गेली नाही. कॅप्टनसाहेबांनी ती चालवून पाहिलीच नाही. रजिस्टरमध्ये 'फिट' लिहिलं आणि मला म्हणाले, "पुढच्या वेळी आधी वजन कर." आईला मी सगळं सांगितलं. तिने ज्ञानूला पुढच्या रविवारी परत बोलावलं, आणि पुढे सहा महिने प्रत्येक रविवारी. इन्नंबूरच्या मामाकडून आलेला नवा तांदूळ ती त्याच्यासाठी राखून ठेवायची.

नंतर सगळे बर्मा फ्रंटवर गेलो. आमची डिटॅचमेंट गेली, ते सॅपर्सही गेले.

ज्ञानू तिकडेच पडला. सकाळी नऊची वेळ होती. डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर सुरुंग होता. गाडी दुसरी होती. पिशवीतला संदेश दुसऱ्या डी.आर.ने पुढे नेला. हवालदार सवरिमुत्तू त्याच पावसाळ्यात तापाने गेले. एक्केचाळीस सॅपर्सपैकी नऊ परतले नाहीत, असं मला त्यांच्या सुभेदारांनी रंगूनला सांगितलं. नावंही सांगितली. ती मी लिहून घेतली. माझ्याकडे आहेत.

मी त्या नऊ जणांबद्दल पुष्कळदा विचार केला आहे. कोळ्ळिडमपासून त्यांना दीड वर्ष मिळालं. सुभेदार म्हणाले, त्यातले सहा जण मधल्या काळात रजेवर घरी जाऊन आले. एकाचं लग्न झालं. एकाला मुलगी झाली आणि त्याने ती पाहिली.

ज्ञानूला रजा मंजूर झाली होती. ज्या आठवड्यात तो गेला, त्याच्या पुढच्या सोमवारपासून.