सायलिकानने किटली घेतली

आमच्या नारीनच्या डोंगरात घोडीचं दूध काढावं ते सायलिकाननंच. बिथरलेली घोडी पान्हा चोरते. ओरडलात तर भरल्या कासेतून थेंब मिळत नाही. सायलिकान शिंगरू जवळ आणते, घोडीच्या मानेवरून हात फिरवते आणि वाट बघते. एवढी वाट बघणं आम्हा बाकीच्यांना कधी जमलं नाही.

त्या वसंतात तिच्या धाकट्या दिराचं लग्न झालं. नवी सून अकमारल दाराशी, पाणी उकळायच्या समोवारजवळ बसून किटलीतून पाहुण्यांना चहा ओतायची. आमच्यात वाटी अर्धीच भरतात, म्हणून वाटी सारखी भरायला परत येते. आणि वडीलधारे उठेपर्यंत सुनेनं उठायचं नसतं. पोरगी लघवी धरून बसायची. शेवटी अंगणापलीकडच्या संडासात गेली, की समोर बाकावर सासरे नि पाहुणे. आत काही होईना. परत येऊन बसली की पुन्हा कळ.

सासू बुरमा म्हणाली, "आजारी पोरगी गळ्यात मारली आपल्या. सण झाला की माहेरी धाडते."

"आधी दवाखान्यात नेते, आई," सायलिकान म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना तपासणीत दोष सापडला नाही. "सतत धाक असला की अंगात हार्मोन सुटतात," त्या म्हणाल्या. "मूत्राशयाचं तोंड सैलच होत नाही. असंच धरून ठेवलं तर मात्र खरंच बिघडेल."

"म्हणजे आमच्या घोडीसारखं."

"तसंच म्हणा," बाई हसल्या.

वाटेत अकमारलनं विचारलं, "जाऊबाई, आई मला ठेवतील ना?"

"तू गेलीस तर एवढ्या वाट्या काय मी घासू?"

सणाच्या दिवशी सायलिकाननं आधी सासऱ्यांना गाठलं. "मामंजी, बाक घरामागं उन्हात ठेवलाय. गुडघ्यांना बरं." मग भरल्या पंगतीत ती आपल्या मानाच्या जागेवरून उठली, दाराशी येऊन बसली. "दे ती किटली. जा तू."

"थोरली सून दाराशी बसते होय?" बुरमा कुजबुजली.

"घोडीवर मी कधी ओरडले नाही, आई. हिला तरी कशाला धाकात ठेवायचं?"

अकमारल बऱ्याच वेळानं परतली. चेहरा मोकळा झाला होता. माहेरी धाडायचा विषय मग निघाला नाही.

उन्हाळ्यात पुन्हा पाहुणे आले, तेव्हा मीही त्यांच्यात होतो. अकमारल चहा ओतत होती. बुरमानं तिच्याकडे एकदा पाहिलं, गुडघ्यावर हात टेकत उठली, दाराशी आली आणि किटलीसाठी हात पुढे केला.