गुलाबी रंग दिसेनासा झाला

रसाच्या कारखान्यात लॅबवाल्या बाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. एकोणीस वर्षं त्यांचं काम एकच, रसाचा आंबटपणा मोजायचा. काचेच्या चंबूत दहा मिली रस, थोडं पाणी, रंग बदलून दाखवणाऱ्या सूचकाचे दोन थेंब. मग ब्युरेटची, म्हणजे मापाच्या उभ्या काचनळीची, तोटी सैल करून कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंब थेंब सोडायचं आणि चंबू फिरवत राहायचा. फिकट गुलाबी रंग येऊन अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. द्रावण जितकं जास्त लागेल तितका रस आंबट. तो आकडा चिठ्ठीवर खाली जाई आणि कमी पडेल तेवढं सायट्रिक अ‍ॅसिड मिक्सिंगवाले दादा घालत.

"बाई, तुमची चिठ्ठी आली की मी जीभसुद्धा लावून बघत नाही," दादा हसून म्हणत.

त्या वर्षी बाईंना क्षय झाला. बहिणीचं आजारपण सांगून त्यांनी महिनाभर रजा काढली आणि परत आल्यावर कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, "या गोळ्यांनी नजरेत फरक पडला तर लगेच या." पण बाईंचं सगळं लक्ष खोकल्याकडे आणि घटलेल्या वजनाकडे.

दोन महिन्यांनी पेरूच्या रसाचा अख्खा घाणा फसफसला. गोदामात बाटल्यांची झाकणं उडाली. बाहेरच्या लॅबच्या तपासणीत आंबटपणा फारच कमी निघाला; एवढ्या कमी आंबटपणात रस टिकत नाही. दादा अ‍ॅसिड चोरून बाहेर विकतात, असं मॅनेजरनी ठरवूनच टाकलं. फाटकावर सगळ्यांदेखत त्यांची पिशवी उलटी केली. आतून जेवणाचा डबा आणि चष्मा पडला.

"चिठ्ठीप्रमाणेच घातलंय साहेब! बाईंना विचारा!"

"एकोणीस वर्षांत बाईंचा आकडा चुकलाय का कधी?"

बाई तिथेच उभ्या होत्या. आपल्या आकड्यावर त्यांचा विश्वास होता. त्या गप्प राहिल्या. दादांना त्याच दिवशी काढलं.

पुढच्या आठवड्यात भांडी धुणाऱ्या मावशी मोरीपाशी चंबू विसळत होत्या. सहज म्हणाल्या, "बाई, हल्ली रंग एवढा भडक का करता हो? पूर्वी कसा फिका असायचा."

बाईंनी मावशींच्या हातातला चंबू घेऊन उजेडात धरला. त्यांनी नवा चंबू लावला आणि मावशींना शेजारी उभं केलं. "गुलाबी दिसला की सांगा."

थेंब पडत राहिले. बाईंना सगळं राखाडीच दिसत होतं.

"अहो, कधीचा झालाय! आता जांभळा व्हायला आला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

म्हणजे गोळ्यांनी लाल रंग हळूहळू दिसेनासा झाला होता, आणि डोळ्यांना काही फरक दिसेपर्यंत बाई रोज जास्त द्रावण सोडत होत्या. आकडा जास्त येई, आणि दादा अ‍ॅसिड कमी घालत.

मॅनेजर म्हणाले, "झालं ते झालं. आता कशाला उकरून काढता?" बाईंनी ऐकलं नाही. आजारपणासकट सगळं लिहून, खाली सही करून त्यांनी कागद थेट मालकांकडे दिला. मालकांनी बाईंना घरी बसवलं आणि दादांना परत यायचा निरोप धाडला. दादा गेले नाहीत.

बाई त्यांच्या घरी गेल्या. वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत.

"माझ्या डोळ्यांनी घात केला, दादा."

"डोळ्यांचं काही नाही, बाई. त्यात तुमचा काय दोष? पण पिशवी उलटी केली तेव्हा तुम्ही चार पावलांवर होतात."

"मला माझा आकडा खरा वाटत होता."

"आणि मी?"

पाण्याचं भांडं ओट्यावर ठेवून बाई पायऱ्या उतरल्या.

डॉक्टरांनी गोळी बदलली. आठ महिन्यांनी क्षय बरा झाला, लाल रंगही थोडाथोडा परतला. दादा मात्र रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूने जात, आणि बाई त्यांना हाक मारत नसत.