पासबुकाच्या कव्हरावर

धुळ्याच्या आमच्या ऑफिसात पगाराचं पाकीट हातात पडलं की पोस्टाच्या बचतीचे हप्ते गोळा करणाऱ्या अक्का यायच्या. नवं खातं उघडताना त्या "कशासाठी?" विचारत आणि पासबुकाच्या कव्हरावर पेन्सिलीने लिहीत. लेकीचं कॉलेज, म्हातारपण. एकाने चेष्टेत "दुसरं लग्न" सांगितलं. अक्का म्हणाल्या, "लिहिलं, भाऊ. आता वहिनींना दाखवा."

लेकीच्या कॉलेजचे तीन हप्ते मी सट्ट्यात घालवले आणि बायकोला सांगितलं, पैसे अक्कांनीच खाल्ले. तिने त्यांना घरी बोलावून जाब विचारला. माझ्याकडे एकदा बघून त्या म्हणाल्या, "चुकलं माझं, वहिनी. भरते." पुढच्या तीन पगारांना त्यांनी माझ्याकडून दुप्पट हप्ता घेतला, तोही हसतमुखाने. लेक शिकली, आमचं छान चाललंय. बायको मात्र अजून अक्कांना चोर म्हणते. आज हे तिला वाचून दाखवणार आहे.